माथ्यावर थांबायचं असतं

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, आणि मी डूख धरून बसणाऱ्यांपैकी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. सायकलीनं आपली कहाणी सांगायची म्हणजे थोडा गंज दाखवायचा, डोळ्यांतून थोडं पाणी काढायचं आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळं व्हायचं, अशी तुमची समजूत असेल तर ती आत्ताच काढून टाका. गंज मला फारसा चढलेला नाही, आणि क्षमा मी कुणालाही केलेली नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मिस्त्रींना बाहेर यावं लागे. मिस्त्रींना दोन मुली. थोरलीला सायकलचं वावडं होतं. धाकटीचा मात्र सायकलीत जीव. मिस्त्रींनी मला धाकटीसाठी घडवलं. तिला भिंतीशी उभं करून शिंप्यानं कोटाची मापं घ्यावीत तशी तिची मापं घेतली, पोलादी नळ्या कापल्या, त्यांची टोकं कानशीनं घासून एकमेकींत बसवली आणि पितळ वितळवून सांधे जोडले. मग गडद हिरवा रंग दिला. पुढच्या नळीवर, जिथं कंपन्या आपापलं चिन्ह लावतात, तिथं त्यांनी एक पितळी बटण डाख देऊन बसवलं. ते धाकटीच्या आईच्या कोटाचं होतं. आई आणि कोट दोन्ही केव्हाच गेले होते, बटण तेवढं उरलं होतं. पुढं मिस्त्रीही गेले, आणि त्यानंतर धाकटीजवळ आईबाबांचं म्हणून जे काही राहिलं, ते मी.

धाकटी शिलाईची मशीनं दुरुस्त करायची. टेकड्यांमधल्या घराघरांत मशीन असे, आणि कुठल्या ना कुठल्या घरात ते अडून बसलेलं असे. मागच्या कॅरियरवर हत्यारांची पेटी बांधून आम्ही निघायचो. मोठा रस्ता तिला आवडत नसे. तिथं ट्रक अंगावर येतात आणि धूळ खावी लागते. तिनं शोधून काढले ते मागचे रस्ते. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला गवतात उतरावं लागेल, इतके ते लहान. दोन्ही बाजूंना दगडांच्या बुटक्या भिंती, मध्येच एखादी गाय, आणि चाकाखालच्या खडीचा आवाज. याच रस्त्यांना जोडून जोडून तिनं एक फेरा बांधला. चार टेकड्यांचा फेरा. पहिली टेकडी गिरणीची, सरळ आणि साधी. दुसरी लबाड, प्रत्येक वळणावर संपल्यासारखी वाटते आणि संपत नाही. तिसरी सगळ्यांत उंच, तिच्या माथ्यावर एका शिवणकाम करणाऱ्या मावशींचं घर आणि दारात हातपंप. चौथी टेकडी म्हणावी तर आहे, पण दमलेल्या माणसाला वाकुल्या दाखवण्यापुरतीच.

हळूहळू रविवारी तिच्याबरोबर चारचौघं यायला लागली. रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नलवाले काका आले, बेकरीवाला आला, आणखी दोघंतिघं आली. त्यांचा एकच नियम होता. चढ ज्यानं त्यानं आपापल्या दमानं चढायचा, पण माथ्यावर थांबायचं. शेवटचा माणूस वर येऊन पाय टेकवेपर्यंत कुणी उतरणीला लागायचं नाही. तो आला, पाणी प्याला, की काका म्हणत, "सगळे आले. चला." मगच चाकं हलायची. हसू नका, मित्रांनो. त्या रस्त्यांवर तासन्‌तास चिटपाखरू फिरकत नाही. उतरणीवर कुणी पडलं, तर मागून येणारं किंवा पुढं वाट पाहणारं कुणीतरी असावं लागतं. टेकड्यांत एवढा एकच कायदा आहे आणि तो पुरेसा आहे.

आता भावजींकडे येते. माझी साखळी आत्ताच आवळल्यासारखी झाली बघा.

भावजी म्हणजे धाकटीच्या ताईचा नवरा. फर्निचरचं दुकान, भारदस्त आवाज, आणि कपाळावर काळा चष्मा. ते या मंडळीत आले सगळ्यांच्या शेवटी आणि महिन्याभरात कप्तान झाले. कुणी केलं म्हणाल तर त्यांनी स्वतःच. त्यांची सायकल चालवण्याची तऱ्हा मला माझ्या मागच्या चाकानं पाठ आहे. चढभर ते धाकटीच्या मागं, माझ्या चाकाला चिकटून यायचे. वारा तिनं छातीवर घ्यायचा, यांनी आडोशाला बसायचं. हातपंप दिसायला लागला की अंगात वारं भरल्यासारखे उठायचे, तिला मागं टाकायचे आणि दोन्ही हात वर करायचे. धाकटी हसून सोडून द्यायची. घरचाच माणूस, म्हणायची. मी तेव्हाही हसत नव्हते.

मग एका रविवारी शहरातला एक मोठा सायकल क्लब आमचा फेरा बघायला येणार असं ठरलं. बोलावणं भावजींचं. हा फेरा आपणच शोधला आणि इथं माथ्यावर आपल्याआधी कुणी पोचत नाही, असं त्यांनी तिकडं ठोकून दिलं होतं. त्या दिवशी धुकं होतं आणि रस्त्यावर ओला पाला पडला होता. तिसऱ्या टेकडीवर, माथा जवळ आला असताना, माझ्या मागच्या चाकात काटा गेला. दुसऱ्या कुणाच्या चाकात गेला असता तरी चाललं असतं, पण तो काटा माझ्याच नशिबी होता. धाकटी उतरली. बाकीची मंडळी पाहुण्यांना घेऊन पुढं गेली होती, मागून एकटे भावजी आले. तिनं ओरडून सांगितलं, "पंक्चर आहे. तुम्ही व्हा पुढं. माथ्यावर थांबा, आलेच." भावजींनी मान हलवली आणि गेले.

तिनं ट्यूब बदलली, हवा भरली, वर आली. हातपंपापाशी कुणीही नव्हतं. पंपातून अजून थेंब गळत होते, म्हणजे मंडळी नुकतीच गेली होती. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. असं कधी झालंच नव्हतं. खाली कुणाला काही लागलं असेल, म्हणून सगळे धावले असतील, असं तिला वाटलं. तशीच ती भरधाव उतरणीला लागली. तिसऱ्या टेकडीच्या उतारावर, पडक्या भिंतीपाशी, रस्ता अचानक डावीकडे वळतो. तिथं पाला होता. माझं पुढचं चाक निसटलं. तिला सावरायला मी काही करू शकले नाही, आणि हे मी विसरलेले नाही.

ती भिंतीवर आदळली. गुडघा असा वळला की मला बघवेना. आम्ही दोघी तिथं पडून राहिलो, धुकं हळूहळू विरळ झालं, ऊन आलं, आणि तरी कुणी आलं नाही. शेवटी दुधाची गाडी आली.

दवाखान्यात भावजी फळं घेऊन आले. आम्ही किती वेळ थांबलो तुझ्यासाठी, म्हणाले, पाहुणे कंटाळले, मग निघावंच लागलं. धाकटीनं त्यावर विश्वास ठेवला. आपल्यापायी सगळ्यांचा खोळंबा झाला असं वाटून तिलाच खजील व्हायला झालं. काका भेटायला आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली. पुढं गुडघा बरा झाला तो अर्धामुर्धा. डॉक्टरांनी सायकलवरून चढ चढायला बंदी केली. मला समोर बघितलं की तिला रडू फुटे. ताई म्हणाली, इथं पडून गंजेल, आमच्याकडे राहू दे. भावजी म्हणाले, मी जपतो.

जपतो! मित्रांनो, यांनी मला कसं जपलं ते ऐका. माझं चाक सरळ करून घेतलं आणि स्वतःच माझ्यावर बसायला लागले. मी त्यांच्या मापाची नाही. त्यांनी सीट वर उपसली, हँडल पुढं ओढलं. मग एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते बटण उचकटून काढलं, कचऱ्यात टाकलं आणि त्या जागी आपल्या फर्निचरच्या दुकानाचं स्टिकर चिकटवलं. मी तेव्हाच दातओठ खाल्ले. पण खरं विष मला पुढच्या रविवारी चढलं.

हातपंपापाशी नवा कुणीतरी त्यांना विचारत होता, की तुमची मेव्हणी इथं पडली ना. भावजी पाणी पीत होते. ओठ पुसत म्हणाले, काय सांगू, तिनं खालूनच हात करून कळवलं, मी मागं फिरते म्हणून. तसं मी सगळ्यांना सांगितलं, आम्ही निघालो, आणि ही बया विचार बदलून एकटीच वर आली की. आमचा काय दोष. बाजूला काका मान खाली घालून उभे होते. म्हणजे कुणी थांबलंच नव्हतं. यांनी थांबूच दिलं नव्हतं. फेरा आपणच शोधला ही थाप पाहुण्यांसमोर उघडी पडू नये म्हणून यांनी तिला धुक्यात एकटी सोडली होती, आणि वर तिलाच वेडी ठरवत होते.

त्या दिवसापासून मी उट्टं काढायला सुरुवात केली. सायकलीच्या हातात असतं तरी काय, असं तुम्हाला वाटेल. पुष्कळ असतं. भावजी चारचौघांत फुशारकी मारायला लागले की मी पेडलापाशी कुरकुरायचे, अशी कुरकुरायचे की त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. लबाड टेकडीवर सगळ्यांच्या देखत साखळी टाकायचे. सीट मी इतकी सावकाश खाली सरकवत न्यायचे की घरी पोचेपर्यंत त्यांचे गुडघे हनुवटीला लागत. दुकानात नेलं की मी चिडीचूप. कारागीर चक्रं फिरवायचा, कान लावायचा आणि सांगायचा, सायकल एकदम झकास आहे, साहेब, वजन तुमचं जरा वाढलंय. असा एकेक दिवस मला सणासारखा जाई. त्यांच्या नाकी नऊ आणले मी. तरी ते मला सोडत नव्हते, कारण बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, फ्रेम काय देखणी आहे हो!

आणि बघणारा जे बघायचा, तेवढंच ते पुसायचे. रंगाला पॉलिश करायचे, चाकाच्या कडा चमकवायचे, हँडलला दरवर्षी नवी पट्टी गुंडाळायचे. पट्टीखाली काय आहे, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मागच्या ब्रेकचे रबर झिजून नावाला उरले होते. पुढच्या ब्रेकची तार लिव्हरच्या आत, रबराच्या टोपीखाली, एकेक पदर करून तुटत होती. तारेचं मला सगळं कळत होतं. एक पदर तुटला, मी गप्प राहिले. दुसरा तुटला, तरी गप्प. कुरकुर केली असती तर कुणी तरी टोपी उचलून पाहिलं असतं. माझ्यात जी जागा खरोखर आजारी होती, तिथं मी एकही आवाज काढला नाही.

शेवटी एकच पदर उरला. मी जागा ठरवून ठेवली होती. पडकी भिंत.

तो रविवार उजाडला. आम्ही तिसरी टेकडी चढत होतो. भावजी आता काकांच्या मागं, त्यांच्या आडोशाला होते. त्या म्हाताऱ्या माणसालाही त्यांनी सोडलं नव्हतं. हातपंप दिसताच ते उठले, पुढं गेले, हात वर केले. माझ्या मनात एकच होतं. आत्ता उतार लागेल. ज्या दगडांवर ती पडली, त्याच दगडांवर हे पडतील.

मावशींच्या घरातून शिलाई मशीनची घरघर ऐकू येत होती. मध्येच ती थांबली आणि दारात धाकटी आली. हात तेलानं काळे, चालताना एक पाय जरा ओढत. ती दुधाच्या गाडीत बसून मावशींचं मशीन दुरुस्त करायला आली होती. खूप दिवसांनी मी तिला पाहत होते.

आता ती आत जाईल असं मला वाटलं, पण काका पुढं झाले. "पोरी, त्या दिवशी तू मागं फिरलीस असं समजलो आम्ही. नाहीतर थांबलो नसतो का?"

धाकटीनं त्यांच्याकडं पाहिलं. "मी मागं फिरले? मी पंक्चर काढत होते, काका. भावजींनी पाहिलं. माथ्यावर थांबा म्हणून मीच सांगितलं त्यांना. तुम्ही थांबला होतात ना? मलाच उशीर झाला ना?"

बेकरीवाला भावजींकडं बघायला लागला. मग एकेक करून सगळेच बघायला लागले. मावशींनी हातातलं कापड खाली ठेवलं. भावजी हसले. जुनं उगाळून काय मिळणार, म्हणाले, एवढ्या वर्षांत कोण काय बोललं कुणाला आठवतंय, चला, अंग थंड पडेल. आणि त्यांनी मला भिंतीपासून उचललं.

धाकटीनं माझ्या हँडलवर हात ठेवला. मला थांबवायला नव्हे, ओळख पटायला. बटणाच्या जागी तिचं बोट गेलं आणि स्टिकरवर थबकलं. मग जुन्या सवयीनं तिनं पुढचा ब्रेक दाबून पाहिला.

तिला कळलं. मिस्त्रींचीच लेक ती, लिव्हरमधली ती बारीकशी करकर बोटाला लागताच तिला सगळं कळलं. तिनं वर पाहिलं, खाली जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, जिथं तो डावीकडे वळतो तिथवर पाहिलं. मी जीव मुठीत धरून होते. सांगू नकोस, मी मनातल्या मनात म्हणत होते, तुझ्यासाठीच राखून ठेवलंय हे, तुला काही करायचं नाही, फक्त हात काढ.

भावजी म्हणाले, सोड, उशीर होतोय.

तिनं हात काढला. खरंच काढला, मित्रांनो. भावजींनी पाय टाकला, एक पेडल मारलं. मी पुढं निघाले. असा आनंद मला मिस्त्रींनी पहिल्यांदा रस्त्यावर आणलं तेव्हाही झाला नव्हता.

"भावजी, उतरा."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण त्यांनी पाय टेकला. ती लंगडत आली, त्यांच्यासमोर लिव्हरवरची रबरी टोपी मागं सारली आणि तार बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. तुटलेले पदर झाडूसारखे पसरले होते, मध्ये एकच शिल्लक. तिनं बोटानं जरासा झटका दिला आणि तोही तुटला. भावजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. खाली पडकी भिंत आहे, हे तिथल्या कुणालाही सांगायची गरज नव्हती.

भावजी इकडंतिकडं बघायला लागले. कुणीतरी आपली सायकल देईल असं त्यांना वाटलं असावं. कुणी दिली नाही. दुधाची गाडी दारातच उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं. धाकटी म्हणाली, "गाडीत माझी पेटी आहे, मी आहे आणि माझी सायकल आहे. जागा नाही. तुम्ही चालत या. आम्ही खाली पुलापाशी थांबतो. शेवटचा येईपर्यंत थांबायचं असतं."

मला तिचा भयंकर राग आला होता. दुधाच्या कॅनांमध्ये आडवी पडून मी धुमसत होते. वर्षानुवर्षं मी एकेक पदर गुपचूप तुटू दिला आणि हिनं एका वाक्यात त्याचं मातेरं केलं. तिला ते कळलं असावं. माझ्या सीटवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "ते पडले असते तर ताई त्यांच्या पायाला तेल चोळत बसली असती. काका फळं घेऊन गेले असते. मलाही रडावं लागलं असतं. त्या माणसाची कुणी कीव करावी, हे मला नको होतं गं."

तेव्हा मला उमजलं, की डूख कसा धरायचा हे मला अजून नीट यायचं आहे.

पुलापाशी आम्ही सगळे थांबलो. रस्ता तिथून वरपर्यंत दिसतो. भावजी उतरत होते. सायकलवाल्यांचे ते बूट तुम्ही पाहिलेत का? तळाला टणक पट्टी असते, पेडलात अडकवायची. ते घालून चालणं म्हणजे बर्फावर म्हैस. टक टक आवाज खालपर्यंत येत होता. पडक्या भिंतीच्या वळणावर ते घसरले, सावरले, भिंतीला धरून उभे राहिले आणि खाली पाहिलं. खाली सगळी मंडळी एका ओळीत उभी होती, आणि एकाचंही तोंड दुसरीकडं नव्हतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्यांना सोपं गेलं असतं. त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर चालत राहिले. इतका वेळ आपल्यासाठी कुणी थांबलेलं असणं म्हणजे काय, ते त्यांना पावलापावलाला कळत होतं.

शेवटी ते पुलावर आले. मोज्यांची चाळण झाली होती. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळे आले. चला."

धाकटीनं मान फिरवून डोळे पुसले. मीही सुखावले, खोटं कशाला सांगू.

आता मी तिच्याकडे असते. चढ लागला की ती उतरते आणि मला हाताला धरून चालवते. तिच्या चालीला चाल देत मंडळीही सावकाश येतात, आणि माथ्यावर आमच्या आधी पोचलेले थांबतात. स्टिकर तिनं मशीनचं तेल लावून खरवडून काढलं. बटण काही मिळालं नाही. ती जागा ओकीबोकीच आहे. तिथं दुसरं काही लावू या का, असं ताईनं विचारलं, तर धाकटी नको म्हणाली. काय गेलं ते दिसत राहू दे.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवते. आपल्या सायकलीचं जे दिसत नाही, तेही अधूनमधून उघडून बघत जा. तेलपाणी करा, तारा बदला, झिजलेले रबर फेका. आम्ही बोलत नाही म्हणून आम्हाला कळत नाही असं समजू नका. आणि दुसरं म्हणजे, वर आधी पोचलात तर थांबा. मागं कोण आहे ते बघा. तुम्ही थांबला नाहीत, तर कुणीतरी ते लक्षात ठेवतं. कदाचित माणूस विसरेल, पण त्याची सायकल विसरणार नाही.

ती तुटकी तार धाकटीनं फेकली नाही. आपल्या कामाच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, एका खिळ्याला टांगून ठेवली आहे. ताई आली की भावजींनाही यावं लागतं. धाकटी उठते, हात पुसते, पाणी आणते, आणि त्यांना बसायला नेहमी त्या खिळ्यासमोरचीच खुर्ची देते.